जात्याच हिंस्र

अर्ज लिहायची वेळ आली की लोकांना मराठीच्या प्राध्यापकांची आठवण होते. आम्ही दोघेही मराठीचेच प्राध्यापक असल्याने आमच्या सोसायटीतील गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, पाणीपुरवठ्याविषयीची निवेदने हा सारा लेखनप्रपंच गेली पंधरा वर्षे आमच्याच वाट्याला आलेला आहे. मार्च २०२४ मध्ये असाच एक अर्ज आम्ही लिहून दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाळलेला रॉटवायलर जातीचा कुत्रा इमारतीतून हलवण्यात यावा, अशी त्यात मागणी होती. खाली चोवीस सह्या होत्या आणि त्यांतल्या पहिल्या दोन आमच्या. अर्जात एक वाक्य असे होते : 'सदर कुत्रा जात्याच हिंस्र असल्यामुळे रहिवाशांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, जीवितास धोका संभवतो.' वाक्य सर्वांना आवडले. अध्यक्ष म्हणाले, "सर, याला म्हणतात भाषा!"

त्या वाक्यातल्या एका शब्दाविषयी हे टिपण आहे.

कुत्र्याचे नाव बंड्या. हे नाव काकूंनी ठेवले होते. काकू गेल्यानंतर काका आणि बंड्या असे दोघेच त्या घरात उरले. पंचेचाळीस किलोचा देह, काळाभोर रंग, भुवयांच्या जागी दोन पिवळसर ठिपके. चार वर्षांत तो कुणाला चावला नव्हता. लिफ्टमध्ये काका त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करत आणि तोही शिक्षा झालेल्या पोरासारखा निमूट उभा राही. मात्र एकदा कुरिअर घेऊन आलेल्या मुलाला पाहून त्याने साखळीला असा हिसडा दिला होता की काका दोन पायऱ्या फरफटत खाली आले होते. ते दृश्य जिन्यात उभे राहून आम्ही पाहिले होते. तेव्हा आमची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणण्याचा साळसूदपणा आम्ही करणार नाही.

पण अर्जाला निमित्त झाले ते या प्रसंगाचे नव्हे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र पाठवले. कुत्र्यांच्या २३ जाती मानवी जीवितास धोकादायक असून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, त्यांना परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून पुढची वीण रोखावी, असा त्याचा आशय होता. ती यादी भ्रमणध्वनीवरून आमच्या इमारतीत पोचली आणि तीत 'रॉटवायलर' हे नाव सापडताच बंड्याचा निकाल लागला. पाळलेला कुत्रा घराबाहेर काढावा, असे त्या पत्रात कुठेही म्हटलेले नव्हते. ते वाचण्याची तसदी आम्ही, म्हणजे शब्दार्थाचा कीस काढण्याचा पगार घेणाऱ्यांनी, घेतली नाही.

ती यादी आम्ही नीट वाचली ती अर्ज दिल्यानंतर, जरा उशिराच. ती वाचताना पाठचिकित्सेची जुनी सवय जागी झाली. 'तोसा' हा जपानी कुत्रा तीत दोनदा येतो, एकदा स्वतंत्रपणे आणि एकदा 'अकिता'च्या जोडीने. 'टेरियर' हा शब्द तर कुठल्याही विशेषणाशिवाय येतो. टेरियर ही एक जात नव्हे, ते एक मोठे कुळ आहे. त्यात पिटबुल येतो तसाच पिशवीत मावणारा तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही येतो. 'मॅस्टिफ' या शब्दाचेही तेच. याउलट जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन यांची नावे यादीत नाहीत. आणि शेवटी येतो 'बॅनडॉग या नावाने सामान्यतः ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा'. 'सामान्यतः ओळखला जाणारा' म्हणजे कोणी ओळखलेला? शासकीय कागदाने लौकिकाचाच आधार घ्यावा आणि मग लौकिकाने त्या कागदाकडे बोट दाखवावे, असा हा प्रकार आहे. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले गेले, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. पण तोवर बंड्या गेलेला होता.

आता त्या शब्दाकडे येऊ. 'जात्याच' हे आपल्या भाषेतले मोठे सोयीचे अव्यय आहे. संस्कृतातल्या 'जाति' शब्दाची तृतीया 'जात्या', म्हणजे जन्माने, जातीने. तिला आपण मराठीत 'च' जोडला आणि वाद मिटवला. अमुक माणूस जात्याच भांडखोर, तमुक मुलगी जात्याच हुशार. एकदा 'जात्याच' म्हटले की कारण शोधण्याची जबाबदारी संपते. शिवाय आंब्याची जात, तांदळाची जात, कुत्र्याची जात आणि माणसाची जात या चारही ठिकाणी आपण तोच एक शब्द वापरतो. एकाच शब्दाने चार गोष्टी सांगितल्या की त्या चारही गोष्टी एकच आहेत असे वाटू लागते. शुद्ध वंशाचा तो 'जातिवंत' आणि रस्त्यावरचा तो 'गावठी'. कौतुक आणि तुच्छता दोन्ही एकाच मुळातून निघतात, आणि भीतीही.

ही भीती मात्र एका जातीपाशी स्थिर राहत नाही, हे आम्ही आमच्या आयुष्यातच पाहिले आहे. आमच्या लहानपणी बंगल्यांच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशा पाट्या असत आणि त्यांवर चित्र असे ते अल्सेशियनचे. हा अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्डच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाल्याने त्याचे नाव बदलले गेले आणि ते बदललेले नाव आपल्याकडे कायम झाले. कुत्रा तोच, स्वभाव तोच. शत्रुत्व माणसांचे, आणि नाव बदलावे लागले कुत्र्याला! पुढे पाळी आली डॉबरमनची. त्याचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावेनासा होतो आणि मग तो वेडा होऊन मालकाचाच गळा धरतो, ही कथा शाळेत आम्ही शपथेवर एकमेकांना सांगितलेली आहे. तिला कसलाही आधार नाही. जर्मनीतल्या आपोल्डा गावी करवसुली करणाऱ्या लुई डोबरमान नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात सोबतीला म्हणून ही जात तयार केली, एवढे खरे. वसुली अधिकाऱ्याचा कुत्रा लोकप्रिय होणे तसेही अवघडच! नंतर आला रॉटवायलर आणि त्याच्या पाठोपाठ पिटबुल. वास्तविक रॉटवायलर हा रॉटवाइल या जर्मन गावातल्या खाटकांचा कुत्रा. गुरे हाकणे आणि मांसाच्या गाड्या ओढणे ही त्याची कामे. आपल्याकडे तो गुरांमागे हिंडला असता तर कदाचित त्याला धनगराच्या कुत्र्याचा मान मिळाला असता.

पिटबुलची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांनाच आपसांत झुंजवायला सुरुवात केली. ती झुंज खड्ड्यात, आडोशाला लावता येई. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून जे कुत्रे निपजले त्यांच्या वंशात पिटबुल येतो. म्हणजे झुंजण्याची चिकाटी, एकदा धरले की न सोडणे, हे गुण माणसाने निवडून निवडून त्यांच्यात भरले. निवडीने स्वभाव घडवता येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ पासून सायबेरियात कोल्ह्यांवर जो प्रयोग चालवला, त्यात दर पिढीतले माणसाळू कोल्हे निवडत गेल्यावर काही दशकांतच शेपूट हलवत जवळ येणारे कोल्हे जन्मू लागले. पुढे उलट दिशेने निवड केलेल्या कोल्ह्यांची आक्रमक शाखाही तिथेच तयार झाली. 'खाण तशी माती' ही म्हण अगदीच खोटी नाही.

मग अर्जातले आमचे वाक्य खरे होते का?

आकडे पाहिले तर ते दोन्ही बाजूंनी बोलतात. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांतल्या, कुत्र्याची जात नोंदलेल्या २३८ मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर यांचा संबंध होता. ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच अभ्यासकांनी इशाराही दिला होता की नजरेने ओळखलेली जात बेभरवशाची असते आणि एखाद्या जातीचे एकूण कुत्रे किती आहेत हे ठाऊक नसताना धोक्याचे प्रमाण काढता येत नाही. त्या मृत्यूंत पंचवीसहून कमी नाहीत इतक्या जातींचे कुत्रे होते. २००८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मालकांच्या उत्तरांवरून निरनिराळ्या जातींचा चिडखोरपणा मोजला, तेव्हा माणसांशी आक्रमकपणे वागण्यात वरचे क्रमांक आले ते डॅक्सहुंड आणि चिवावा यांचे. दोघेही मांडीवर बसणारे! पिटबुल पुढे होता तो अनोळखी कुत्र्यांवर धावून जाण्यात, म्हणजे ज्यासाठी त्याला घडवले त्याच गोष्टीत. आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात, ज्यात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी होती, असे दिसले की कुत्र्याकुत्र्यांतल्या वर्तनाच्या फरकापैकी सुमारे ९ टक्के फरकच जातीने सांगता येतो. कोणता कुत्रा किती लवकर चिडेल, याचा अंदाज जातीवरून बांधणे तर अधिकच कठीण.

या साऱ्याचा मेळ आम्ही आमच्यापुरता असा घालतो. कुत्रा चावेल की नाही हे जात फारसे सांगत नाही. चावला तर काय होईल हे मात्र सांगते. डॅक्सहुंडच्या दंशाने आयोडीनची बाटली शोधावी लागते, पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याच्या दंशाने रुग्णवाहिका. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध महिलेचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हा 'कुत्रे सगळे सारखेच हो' असे म्हणणारा प्राणिप्रेमीही आम्हांला पटत नाही. जबड्याची ताकद हा लौकिक या जातींनी कमावलेला आहे. दुष्टपणाचा लौकिक मात्र आपण त्यांच्या गळ्यात बांधलेला आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या अर्जात 'हिंस्र' या एका शब्दात कोंबल्या गेल्या, आणि 'जात्याच'ने त्यावर शिक्कामोर्तब केले. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण ते शीत त्याच भांड्यातले असावे लागते. आम्ही लखनौच्या शितावरून आमच्या जिन्यातला भात जोखला.

याच सुमारास आमच्या घरातली एक जुनी हकीकत आम्हांला आठवली. आठवावी लागली, हेच महत्त्वाचे. २०११ साली वाईला मावशीच्या घरी आमच्या मुलीला कुत्रा चावला होता. ती तेव्हा पहिलीत होती. कुत्रा पामेरियन, पांढराशुभ्र, नाव चिंगी. मुलीने बशीतले बिस्किट उचलले आणि चिंगीने तिच्या मनगटाचा लचका तोडला. दोन टाके आणि रेबीजची पाच इंजेक्शने. तो व्रण आजही आहे. पण ही हकीकत आमच्या घरात गेली तेरा वर्षे विनोदी म्हणून सांगितली जाते. मावशी म्हणाली होती, "अगं, तिला बिस्किट कुणी घेतलेलं चालत नाही!" आणि आम्ही सगळे हसलो होतो, मुलगी रडत असतानाच. कुणी अर्ज लिहिला नाही. चिंगीला कुणी जात्याच काही म्हटले नाही. बंड्याने चार वर्षांत कुणाला ओरखडाही काढला नव्हता आणि त्याच्याविरुद्ध चोवीस सह्या झाल्या. नावडतीचे मीठ अळणी, ते असे.

इथवरचा विचार करून आम्ही स्वतःवर खूश झालो होतो. इतके की आमच्यापैकी एकीने तो वर्गात मांडला. जुलै २०२४ मध्ये एम.ए.च्या वर्गात लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' सुरू होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारी नोंद, सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण, ३१ ऑगस्ट १९५२ ला झालेली मुक्तता आणि तरीही न सुटलेला शिक्का हे सगळे सांगून झाल्यावर, विषय आजचा व्हावा म्हणून, कुत्र्यांच्या यादीचा दाखला दिला गेला. 'जात्याच गुन्हेगार' आणि 'जात्याच हिंस्र' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली गेली. वर्गाला ते आवडले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. तो अशाच एका जमातीतला आहे.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "कुत्र्याची जात माणसानं पैदास करून बनवली. आमच्या आजोबांना कुणी पैदास करून बनवलं नव्हतं. त्यांची जात कागदावर बनवली. ती दोन वाक्यं शेजारी नका लिहू."

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्याचे म्हणणे वादातीत होते. माणसाच्या बाबतीत 'जात्याच' हे संपूर्ण असत्य आहे. तिथे ९ टक्क्यांचाही प्रश्न नाही. कुत्र्याच्या बाबतीत ते अर्धसत्य आहे, आणि जे अर्धे सत्य आहे त्याचा कर्ता माणूस आहे. आम्ही शब्दाचे साम्य पाहून वस्तूचे साम्य गृहीत धरले होते. अर्जात हीच चूक कुत्र्याविरुद्ध केली होती. वर्गात ती कुत्र्याच्या बाजूने, पण एका माणसाच्या जिवावर केली. अनुकंपेची भाषाही माणसाला कुत्र्याशेजारी नेऊन बसवू शकते, हे आम्हांला मागच्या बाकाने शिकवले.

म्हणूनच आता आम्हांला जुना फौजदारी कायदा अधिक शहाणा वाटतो. १८६० च्या दंडसंहितेतले २८९ वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २९१ व्या कलमात आले आहे, प्राण्याची जात विचारत नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका पोचू नये याची काळजी घेण्यात जो निष्काळजीपणा करतो, तो दोषी, एवढेच ते सांगते. प्रश्न कुत्र्याला नाही, साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. नेदरलँड्सने १९९३ पासूनची पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेण्याचे ठरवले ते चावे कमी झाले नाहीत म्हणून. ब्रिटनने मात्र १९९१ पासूनची बंदी कायम ठेवून तीत अलीकडेच 'एक्सएल बुली'ची भर घातली. वाद संपलेला नाही, आणि मृत्यू झालेल्या घरांना 'तुमचा धोका ९ टक्क्यांत बसत नाही' असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण आमच्या इमारतीपुरते काय मागता आले असते, ते आज स्पष्ट दिसते. काकांचे वय सत्तरीचे, कुत्रा पंचेचाळीस किलोचा. तेव्हा फिरवायला एखादा धडधाकट माणूस ठेवावा, लिफ्टमध्ये मुले असतील तर पुढच्या खेपेला जावे, जिन्यात पट्टा आखूड धरावा. चार ओळींचा अर्ज झाला असता. त्यात जातीचे नाव आले नसते. नंतरच्या वार्षिक सभेत असा ठराव आम्ही लिहून दिला आणि तो सर्व कुत्र्यांसाठी मंजूरही झाला. अध्यक्षांनी या वेळी भाषेचे कौतुक केले नाही.

काका कायद्याने भांडू शकले असते. भांडले नाहीत. फलकावरचा अर्ज वाचून ते आमच्या दारात आले होते, एवढेच. "तुम्हीच लिहिलाय ना?" ते म्हणाले. "भाषेवरून कळलं." आणि वर निघून गेले. मार्च संपण्यापूर्वी त्यांनी बंड्याला कोरेगावच्या बाजूला एका परिचिताच्या शेतावर पोचवले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काकांबरोबर तिथे गेलो. जाण्याचे आम्हीच सुचवले होते. का, ते धड सांगता येणार नाही. शेताच्या फाटकाशी लोखंडी खांबाला, दोन हात लांबीच्या साखळीने, बंड्या बांधलेला होता. दिवसभर तिथेच असतो, रात्री सोडतो, असे शेतमालक म्हणाले. मानेवरचे केस साखळीने झडले होते. आम्हांला पाहताच तो उसळून अंगावर आला. दात, लाळ, डोळे, सगळे आमच्या अर्जातल्यासारखे. आम्ही मागे सरलो. काकांनी हाक मारली तेव्हा तो थांबला. पण पूर्वीसारखा जवळ गेला नाही, जागच्या जागी येरझाऱ्या घालत राहिला.

शेतमालक कौतुकाने हसले. "आल्यापासून चोराची हिंमत नाही झाली बघा. शिकवायला काही लागलं नाही. जातच तशी हो त्याची!"

काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही.